दुकानातला यंत्रमानव आणि 'अनुभव'

लहान उद्योजकांना विपणनाचे धडे देणारी मंडळी हल्ली कलेविषयी फार बोलू लागली आहेत. वस्तू विकू नका, 'अनुभव' विका, हे त्यांचे सूत्र. आणि अनुभव द्यायचा तर दुकानात हलणारे, गिऱ्हाइकाकडे वळून पाहणारे यांत्रिक मांडणशिल्प उभे करा, हा उपाय. दाखला दिला जातो तो सेऊलच्या जेंटल मॉन्स्टर या चष्म्यांच्या कंपनीचा. २०२१ मध्ये उघडलेल्या तिच्या एका दालनात सहा पायांचा अवाढव्य यंत्रमानव मांडला गेला. ही कंपनी आता लहान राहिलेली नाही, एवढेच सांगायचे राहून जाते.

आमचा आक्षेप खर्चापुरता नाही. 'अनुभव' ही संज्ञा मराठी समीक्षेने बऱ्याच वादांतून घडवली आहे. तिचा अर्थ 'गिऱ्हाईक क्षणभर थबकले' इतका आक्रसलेला आम्हांस पाहवत नाही.

शिवाय ज्या कलेचा हवाला दिला जातो, तिचा इतिहास नेमका उलटी साक्ष देतो. एडवर्ड इहनातोविच या शिल्पकाराचे 'सेन्स्टर' १९७० साली आइंडहोवन येथे फिलिप्स कंपनीच्या 'इव्होल्युऑन' या प्रदर्शनगृहात उभे राहिले. ते कंपनीनेच करवून घेतले होते. सुमारे पंधरा फूट लांबीचा पोलादी नळ्यांचा उघडा सांगाडा, सांध्यांची रचना शेवंडाच्या नांगीवरून सुचलेली, डोक्याशी ध्वनिग्राहक आणि रडार, हालचालींचे नियंत्रण संगणकाकडे. हळू बोलणाऱ्याकडे, सावकाश हलणाऱ्याकडे ते मान वळवून झुके. कोणी ओरडले किंवा झटक्याने हात हलवला की मागे सरे. म्हणजे कंपनीने मागवले आकर्षण, आणि शिल्पकाराने दिले गोंगाटाला पाठ फिरवणारे शिल्प! १९७४ मध्ये ते उतरवले गेले. सांगाडा पुढे कित्येक वर्षे उघड्यावर उभा होता. २०१७ साली क्राकूफच्या एका विद्यापीठाने तो विकत घेतला आणि यंत्र पुन्हा चालते केले.

जाहिरातीला लोकांचे लक्ष वेधायचे असते. सेन्स्टर लोकांकडे लक्ष देत होते. आणि पेठेतला वह्यापुस्तकांचा दुकानदार दुसरे काय करतो? कोणाची मुलगी यंदा दहावीला आहे, कोणाला उधारी मागायला संकोच वाटतो, हे त्याला गल्ल्यावर बसल्या बसल्या ठाऊक असते. हळू आवाज त्यालाही ऐकू येतो. त्याच्या दारात मोटारीवर मान हलवणारे धूड बसवा, म्हणून सल्ला द्यायचा आणि वर त्याचे शुल्क घ्यायचे, याला आम्ही व्यवहारज्ञानही म्हणणार नाही.

आमच्या व्यवसायबंधूंचे काय? जाहिरातलेखन शिकवण्यास आमचा विरोध नाही. ते नीट मराठीत लिहिले जावे, ही तर आमचीच इच्छा. परंतु ब्रँडची गोष्ट रचणे म्हणजेच साहित्याचे उपयोजन, असे वर्गात सांगितले जाऊ लागले आहे. लघुउद्योजकांसाठी 'अनुभव-विपणना'च्या कार्यशाळेची सूचना परवाच एका महाविद्यालयाच्या फलकावर वाचली. संयोजक मराठी विभाग.