ढोर मेल्यावरच मोजणार का?

मार्चअखेर आमच्या गावामागच्या झुडपी जंगलात वणवा लागला. मोहफुलं वेचायला खालची जागा साफ हवी म्हणून कुणीतरी पाला पेटवला आणि वाऱ्यानं आग पार ढोरं जमतात त्या आखरापर्यंत आणली. सकाळी ढोरकी नेहमीच्या वेळी ढोरं घेऊन निघाला. संध्याकाळी गाई परतल्या त्या राखेनं काळ्या झालेल्या तोंडांनी आणि रिकाम्या पोटांनी. पावसापर्यंतचं चरणं एका रात्रीत गेलं होतं आणि घरची तणीस निम्म्यावर आली होती.

अर्ज घेऊन मी कचेरीत गेलो. पहिलाच प्रश्न आला, "जनावरं किती दगावली?" एकही नाही म्हटल्यावर कागद परत माझ्या हातात.

हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत मेलेल्या दुभत्या गाई-म्हशीचे 37,500 रुपये आहेत, बैलाचे 32,000, शेळीचे 4,000. मोठी दुभती जनावरं कुटुंबामागे तीनच धरायची. चौथी म्हैस काय कमी दूध देते? त्याच निकषांत मोठ्या जिवंत जनावराच्या चाऱ्यासाठी दिवसाला 80 रुपये आहेत, पण ते छावणीत, आणि छावणी उघडायची ती दुष्काळ जाहीर झाल्यावर. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्यानं 40 तालुके दुष्काळी ठरवले, त्यात आमच्या भंडारा जिल्ह्यातला एकही नव्हता. धानाचा, तलावांचा जिल्हा, इथं चाऱ्याला काय तोटा, असं मुंबईत बसून वाटतं. नुसत्या तणशीवर गाय जगते, दूध देत नाही, हे आमच्या घरातलं पोरही सांगेल.

अमेरिकेत दुष्काळानं कुरण करपलं तर पशुपालकाला महिन्याच्या चाराखर्चाच्या हिशेबानं भरपाई मिळते. सरकारी रानात आग लागून चराई बंद झाली तरी मिळते. त्यासाठी जनावर मरावं लागत नाही. आमचं झुडपी जंगल हे वनच, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये सांगितलं. चराईचा सामूहिक हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यात लिहिलेला आहे. वन सरकारचं, हक्क आमचा, मग ते जळाल्यावर नुकसान कुणाचं, हे पंचनाम्यात लिहायला एक रकाना का नसावा?

जनावरांची मोजदाद नाही, ही सबबही आता चालणार नाही. ढोरांच्या कानात आता 12 आकडी बिल्ला असतो. कोणत्या गावात किती तोंडं चरतात, हे सरकारला बसल्या जागी कळतं. आणि ढोरकी? आमच्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या गोवारी समाजानं केलं. ढोरामागे ठरलेल्या मजुरीवर त्याचं घर चालतं. ढोरं गोठ्यात बांधली की त्याची मजुरी बंद. त्याच्या नावावर एकही जनावर नाही, म्हणून तो कुठल्याच यादीत बसत नाही. आधी त्याचं नाव लिहा, मग माझं.

मे महिन्यात मी दोन गाई विकल्या. बरगड्या दिसत होत्या, भाव पडूनच मिळाला. त्या दगावल्या नाहीत, त्यामुळे कुठल्याही नोंदीत त्यांचं नुकसान नाही. व्यापाऱ्यानं सौदा करण्याआधी दोघींच्या कानातले बिल्ले मात्र नीट वाचून घेतले.