इंग्रजीचा विटाळ आणि आमचें वाङ्मय

आमच्या वाङ्मयाला जगांत मान नाहीं, ही तक्रार बहुतेक प्रत्येक साहित्य-संमेलनांत ऐकूं येते. तक्रार खोटी नाहीं. परंतु ती करणाऱ्यांनीं आधीं घरचाच एक दाखला आठवावा. जानेवारी २०१९ मध्यें यवतमाळ येथें ९२ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. उद्घाटनासाठीं श्रीमती नयनतारा सहगल यांस बोलावणें गेलें, आणि संमेलन तोंडावर आलें असतां तें मागें घेण्यांत आलें. विरोधकांनीं उघडपणें सांगितलेलें कारण हें कीं, त्या इंग्रजींत लिहितात. पडद्याआडच्या राजकीय कारणांची चर्चा पुष्कळ झाली. आम्ही येथें या उघड कारणाचाच विचार करतों.

हें कारण ज्यांस पटलें त्यांनीं या बाईंच्या वडिलांचें नांव तरी विचारावयाचें होतें. रणजित सीताराम पंडित हे मूळच्या कोकणांतील मराठी घराण्यांतले. स्वातंत्र्याच्या लढ्यांत तुरुंगवास भोगीत असतां त्यांनीं कल्हणाची 'राजतरंगिणी' इंग्रजींत आणण्याचें काम केलें. तें भाषांतर १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. 'मुद्राराक्षस' आणि 'ऋतुसंहार' हींहि त्यांनीं इंग्रजींत नेलीं. आमचें जुनें धन कोणीतरी जगापुढें मांडावें असें आम्ही नित्य म्हणतों; तें ज्यानें मांडलें त्याच्याच मुलीला इंग्रजीच्या नांवावर आम्हीं दारांतून परत पाठविलें!

कांहीं विद्वानांचें म्हणणें असें कीं, अस्सल मराठी इंग्रजींत उतरतच नाहीं. 'बुणगे' हा एकच शब्द घ्या. लष्कराबरोबर चालणारीं बायकापोरें, यात्रेकरू, बाजारकरी, आणि त्यांच्या ओझ्यानें झालेली फौजेची कुचंबणा, एवढें सारें पानिपतच्या वाचकाला त्या शब्दांत ऐकूं येतें. याला इंग्रजी प्रतिशब्द कोठून आणावा? आमचें उत्तर असें कीं, आणूंच नये. शब्द तसाच ठेवावा आणि प्रसंगानेंच त्याचा अर्थ उघडूं द्यावा. अडचण खरी आहे. पण तीवरून भाषांतर जपून करावें एवढेंच सिद्ध होतें, करूं नये असें नव्हे. आमच्या घरोघरच्या वाचकांनीं टॉलस्टॉय कोणत्या भाषेंतून वाचला? रशियन जाणणारे आमच्यांत किती? घेतांना जी खिडकी चालते, ती देतांनाच कां विटाळते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी शाळा ओस पडत असतां इंग्रजीचे लाड कशाला, असें पुष्कळ पालक व शिक्षक विचारतात. त्यांची काळजी आमचीहि आहे. परंतु शाळेंतील इंग्रजी मराठीची जागा घेते, तर भाषांतराचा आरंभच मराठीपासून होतो. मूळ पुस्तकाची ओळन् ओळ भाषांतरकाराइतकी बारकाईनें दुसरा कोण वाचतो? मराठी उत्तम येत नसेल त्याला हें काम साधणारच नाहीं.

तमिळ शेजाऱ्यांकडे पाहावें. कल्की यांची 'पोन्नियिन् सेल्वन्' ही पांच भागांची चोलकालीन कादंबरी १९५० ते १९५४ या काळांत साप्ताहिकांतून आली; सी. व्ही. कार्तिक नारायणन् यांनीं ती पांच खंडांत इंग्रजींत आणिली, त्याचा आरंभ १९९९ सालीं झाला. तेथेंहि जवळ जवळ अर्धें शतक गेलें. विश्वास पाटील यांची 'पानिपत' १९८८ सालची. नदीम खान यांनीं केलेलें तिचें इंग्रजी रूप निघालें तें २०१९ सालीं, म्हणजे यवतमाळच्या संमेलनाच्याच वर्षीं. एकीकडे मंडपांतून इंग्रजीला मज्जाव, आणि दुसरीकडे एक भाषांतरकार आमचीच पराभवकथा इंग्रजी वाचकापर्यंत नेत होता. मराठीची सेवा यांपैकीं कोणी केली, हें वाचकांनींच ठरवावें.

अशीं कामें एकेकट्याच्या निष्ठेवर सोडून चालणार नाहींत. मंडप, भोजन व मिरवणुकी यांवर होणाऱ्या खर्चांतील ठराविक हिस्सा दरवर्षीं एका मराठी ग्रंथाच्या भाषांतरासाठीं राखावा. भाषांतरकाराला योग्य मोबदला द्यावा. त्याचें नांव मुखपृष्ठावर छापावें. आणि एखाद्या वर्षीं संमेलनाचें उद्घाटनहि अशाच भाषांतरकाराच्या हस्तें करावें. मात्र एकदां बोलावणें पाठविलें, कीं तें परत घेऊं नये.