एकरभर पोकळीचा हिशेब

आमच्या नरखेड तालुक्यात कुठलाही हिशेब एकरावर येतो, म्हणून पोकळीचाही तसाच मांडतो. जलालखेड्याजवळच्या माझ्या संत्राबागेतला एक एकर घ्या, त्यावरचं दहा किलोमीटर उंचीपर्यंतचं आकाश घ्या आणि त्यातली हवा, धूळ, उजेड सगळं काढून टाका. उरलेल्या पोकळीत, आजच्या मोजमापांनुसार, साधारण ०.०२ जूल ऊर्जा असेल. तेवढ्यात दीडशे ग्रॅमचं संत्रं जेमतेम दीड सेंटिमीटर उचललं जाईल. पण विश्वात पोकळीच इतकी अफाट, की एकूण ऊर्जेत दोन तृतीयांशांहून अधिक वाटा हिचाच भरतो. विश्वाचं प्रसरण वेग घेत चाललंय ते हिच्यामुळेच, असं प्रचलित मत आहे. ताकात पाणी ओतत राहावं आणि ताक पातळ होऊच नये, तशी ही ऊर्जा. जागा वाढली तरी दर घनमीटरमागे ती तेवढीच.

हाच आकडा क्वांटम सिद्धांतातून काढायला गेलं, की उत्तर १ वर १२० शून्यं इतक्या पटीने मोठं येतं. बागेचा सौदा करणारा दलालही एवढं फुगवून सांगत नाही!

पोकळीच्या या ऊर्जेवरचा वाद मराठी माणसाला परका नाही. विश्वाचं प्रसरण मंदावत असणार असं धरून दूरच्या सुपरनोव्हा मोजणाऱ्या दोन गटांना १९९८ मध्ये उलटंच दिसलं: त्या अपेक्षेपेक्षा अंधूक होत्या, म्हणजे प्रसरण वेग घेत होतं. २०११ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. गंमत अशी, की १९४८ च्या स्थिर स्थिती सिद्धांतात प्रसरणाचा वेग वाढताच होता. तो मांडणाऱ्या फ्रेड हॉयल यांचे शिष्य जयंत नारळीकर. १९६५ मध्ये महास्फोटाची खूण मानलं जाणारं सूक्ष्मलहरींचं वैश्विक प्रारण सापडलं आणि तो सिद्धांत मागे पडला. नारळीकरांनी मात्र १९९३ मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्यासह त्याची सुधारित मांडणी केली. पुढे सुपरनोव्हा अंधूक का दिसतात, याचं कारण त्यांनी आकाशगंगांच्या दरम्यानच्या धातूच्या सुईसारख्या धुळीत शोधलं. त्यांनीच उभारलेल्या पुण्याच्या आयुकात थानू पद्मनाभन यांनी २००३ मध्ये पोकळीच्या वजनावर सविस्तर आढावालेख लिहिला. एकाच संस्थेत दोन वाटा, एक धुळीची, दुसरी पोकळीची!

ती धूळ मला पटत नाही; प्रारणाचा पुरावा फार भक्कम आहे. पण २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर जे आलं, त्याने मी वैतागलो. कुणी त्यांचा महास्फोटाला असलेला विरोध लाजेने गाळला, कुणी ‘मराठी माणसाने महास्फोट खोटा ठरवला’ असं ठोकून दिलं. दोघांनीही त्यांचं गणित वाचलेलं नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये आकाशगंगांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या निरीक्षणांनी एक शंका आणखी बळकट केली: पोकळीची ही ऊर्जा कदाचित काळाबरोबर क्षीण होत असेल. सिद्ध झालेलं नाही, पण वाद मिटलेला नाही एवढं खरं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात सोड्याचे ज्वालामुखी पुरे झाले. नववी-दहावीच्या पोरांचे दोन गट करा, एक नारळीकरांच्या बाजूने, दुसरा पद्मनाभन यांच्या. आणि गुण निष्कर्षाला देऊ नका; समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा जो नीट मांडेल, त्याला द्या.