अंगणवाडीतील फोन कोणासाठी?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. खेड्यापाड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवे यंत्र झेपले नाही, असा त्याचा अर्थ काढणे सोपे होते. वस्तुतः त्यांची तक्रार यंत्राविरुद्ध नव्हतीच. फोनची स्मरणक्षमता अवघी दोन जीबी, त्यामुळे ॲप उघडताच तो बंद पडे. दुरुस्तीचा भुर्दंड तुटपुंजे मानधन घेणाऱ्या सेविकेवर पडे. आणि माहिती भरावयाची ती इंग्रजीत. मराठी भाषेच्या मागणीचे प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. काम करण्याचे हत्यारच बोथट दिले जाते आणि कामाचा जाब मात्र धारेवर धरून विचारला जातो, असे त्या सांगत होत्या.

त्यानंतर फोन बदलले, ॲप अनेक भारतीय भाषांत आले. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. अंगणवाडीत तंत्रज्ञान आले, ते कोणासाठी?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांचे आहार व आरोग्यशिक्षण यांच्या बरोबरीने तीन ते सहा वर्षांच्या बालकांचे शालापूर्व शिक्षण हे तिचे एक अंग होते. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांपैकी एक लाखाहून अधिक महाराष्ट्रात. २०१८ च्या पोषण अभियानात सेविकांच्या हाती फोन आला आणि १ मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' हे ॲप लागू झाले. अकरा नोंदवह्यांचे ओझे उतरेल ही त्यामागील अपेक्षा गैर नव्हती. परंतु अनेक ठिकाणी वह्या राहिल्या आणि वर फोन आला. हजेरी, वजन, उंची, आहारवाटप यांच्या नोंदी रोज वर पाठवावयाच्या. घरी न्यावयाच्या आहारासाठी १ जुलै २०२५ पासून लाभार्थ्याच्या चेहऱ्याची ओळख पटवणेही बंधनकारक झाले. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर एका मातेचा चेहरा यंत्राला पटेपर्यंत सेविकेचे लक्ष फोनवर खिळलेले असते, आणि त्या वेळात पंधरा-वीस मुले मदतनीस बाईंच्या हवाली असतात. मदतनीस बाईंना स्वयंपाकही करावयाचा असतो.

गळती रोखण्यासाठी हिशेब हवा, यात वाद नाही. कुपोषणाचे आकडे वेळेवर कळले तर मूल वाचते, हेही तितकेच खरे. तथापि हा सर्व प्रवाह खालून वर वाहणारा आहे. ज्या यंत्रातून सेविका दिवसभर माहिती देते, त्या यंत्रातून तिच्या मुलांच्या शिकण्याविषयी तिच्याकडे उलट काय येते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तंत्रज्ञान अंगणवाडीच्या उंबरठ्यापर्यंत आले आहे. आत, मुलांच्या घोळक्यात, ते अद्याप पोहोचलेले नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. त्याला अनुसरून २०२२ मध्ये अभ्यासक्रम आराखडा आला आणि मे २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे कालपर्यंत 'खिचडीवाल्या ताई' म्हणून हेटाळली जाणारी स्त्री आता धोरणाच्या भाषेत शिक्षिका झाली आहे. (सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तिला उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला, तरी वेतनाच्या भाषेत ती अजून मानसेवीच आहे.) शिक्षिका म्हणून तिच्या हाती तंत्रज्ञान द्यावयाचे, तर ते कसे, याचा विचार नव्याने करावा लागेल, आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

बालशिक्षणात आयात तंत्रज्ञान येण्याचा प्रसंग महाराष्ट्रावर यापूर्वीही आला आहे. मॉन्टेसरी पद्धतीची साधने, म्हणजे दट्ट्यांचे ठोकळे, चढत्या घनांचा मनोरा, ही त्या काळची अत्यंत शास्त्रशुद्ध आणि तितकीच महागडी यंत्रसामग्री होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तेव्हा ही साधने शहरांतील सुखवस्तू घरांतील मुलांपुरतीच होती. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीस गेल्या, अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम करताना या दोघींनी साधनांचे तत्त्व ठेवले व साधने बदलली. शंखशिंपले, बिया, पाने, मणी यांवर मुले मोजू लागली, वर्गीकरण करू लागली. मूल बालवाडीत येत नाही असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलाच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर गेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर सरकारी कागदांवर आहे, तो या खटपटीतून आलेला. साधन कोणते, केव्हा आणि कशासाठी वापरावयाचे, हा निर्णय तेथे मुलांसमोर बसणाऱ्या शिक्षिकेचा होता. त्या प्रयोगाचे सारे बळ यात होते.

आजच्या फोनविषयी नेमके हेच उलट घडले आहे. निर्णय दिल्लीत वा मुंबईत होतो आणि सेविका तो बोटाने अमलात आणते. वरून आलेली चित्रफीत मुलांपुढे लावून देणे म्हणजे तंत्रज्ञान वर्गात आणणे, अशी समजूत रूढ होऊ पाहत आहे. ती घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर बसून घालवावयाचा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, आणि जितका कमी तितका बरा, असे सांगितले आहे. पुष्कळ घरांत हा तास मूल अंगणवाडीत येण्यापूर्वीच संपलेला असतो. या वयाच्या मुलाला चित्रातला आंबा नको. हातात धरावयास, हुंगावयास, चिरून कोय पाहावयास आंबा हवा.

मग फोनचा उपयोग काय? पुष्कळ आहे, पण तो पडदा म्हणून कमी आणि शिक्षिकेचे साधन म्हणून अधिक. धारणी तालुक्यातील कोरकू बोलणाऱ्या मुलांपुढे मराठी बडबडगीत परके ठरते. गावातील आजीच्या तोंडची कोरकू गोष्ट सेविकेने फोनवर ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकवली, तर तीच मुले कान टवकारतील, आणि हळूहळू त्या गोष्टीतूनच मराठी शब्दांकडे येतील. जूनमध्ये रेघोट्या ओढणारे मूल जानेवारीत माणूस काढू लागते. दोन्ही चित्रांची छायाचित्रे आईला शेजारीशेजारी दाखवली, तर अंगणवाडीत 'नुसते खेळतात' हा तिचा समज जितका लवकर दूर होईल तितका कोणत्याही व्याख्यानाने होणार नाही. एखादे मूल बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, अशी शंका आली तर सेविकेला जाणकाराशी तत्काळ बोलता येईल. यांपैकी कशालाही महागडे ॲप लागत नाही. लागतो तो वेळ आणि विश्वास.

आणि लागते प्रशिक्षण. पण आज होते तसे नव्हे. दिल्लीहून मुख्य प्रशिक्षक, त्यांच्याकडून पर्यवेक्षिका, त्यांच्याकडून सेविका, अशी उतरंड रचून तीन दिवसांत जे खालच्या मडक्यात पोहोचते ते थेंबाथेंबानेच. प्रौढ शिक्षिका नवे साधन शिकते ती आपल्याच वर्गात, आपल्याच मुलांबरोबर, चुकत-माकत, आणि शेजारी कोणी अनुभवी बसलेले असेल तर. ही जागा खरे म्हणजे मुख्यसेविकेची. तिच्याकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात आणि ती येते तेव्हा बहुधा अपुऱ्या राहिलेल्या नोंदींविषयी विचारण्यासाठी. तिच्या महिन्याच्या भेटींपैकी निम्म्या जरी नोंदींच्या तपासणीतून सोडवल्या, त्या दिवशी तिने सकाळपासून मुलांत बसावे असे ठरवले, आणि वर्ग चालू असेपर्यंत ॲपवरील कोणतीही नोंद मागितली जाणार नाही असा आदेश काढला, तर त्यास नवा निधी लागणार नाही. असा आदेश काढण्यास महिला व बालविकास विभागाला एक परिपत्रक पुरेसे आहे. सेविकांच्या संघटनांनीही मानधनाच्या रास्त मागणीबरोबर वर्गाच्या या दोन तासांची मागणी पुढे ठेवावयास हवी.