विश्लेषण : संगणकाचे सुरक्षा अपडेट लगेच घ्यावे की थांबावे?

अजिंठा लेणी पाहायला आलेला परदेशी पर्यटक फर्दापूरला मुक्कामी थांबला, की लॉजचालकाला त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. छोट्या लॉजमध्ये हे काम बहुधा घरातल्याच संगणकावर होते. त्याच संगणकावर मुलांचे परीक्षा अर्ज भरले जातात, बँकेचे व्यवहार होतात आणि सातबाराही निघतो. कोपऱ्यात ‘अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा’ अशी सूचना आली, की मात्र ‘नंतर’ हे बटण दाबले जाते. डेटा संपेल, वीज जाईल, चालू संगणक बंद पडेल, ही भीती त्यामागे असते. ती कितपत खरी आहे?

सुरक्षा अपडेट म्हणजे नेमके काय?

विंडोजसारख्या प्रणालीत कोट्यवधी ओळींचा कोड असतो. त्यात चुका राहतात आणि त्यांतील काहींतून बाहेरच्या माणसाला संगणकात शिरता येते. अशी भोके बुजवणारी दुरुस्ती म्हणजे सुरक्षा अपडेट. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ही दुरुस्ती देते. भारतात ती त्या रात्री उशिरा पोहोचते. नवी रचना, नवी बटणे किंवा नवी आवृत्ती आणणारे ‘फीचर अपडेट’ वेगळे असते. निर्णय घेताना या दोन्हींची गल्लत होते.

उशीर महागात का पडतो?

दुरुस्ती जाहीर झाली, की भोक कुठे होते हेही उघड होते. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक पाहिला, की जाणकार हल्लेखोराला नेमकी जागा सापडते. म्हणून अपडेट आल्यानंतरचे दिवस न घेणाऱ्यांसाठी आधीपेक्षा जास्त धोक्याचे असतात.

याचे ठळक उदाहरण २०१७चे. विंडोजमधील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती १४ मार्चला आली. ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, त्याच त्रुटीतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस सुमारे दीडशे देशांत पसरला. फाइल कुलूपबंद करून तो ३०० डॉलर मागत असे. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. बाधितांत बहुसंख्य विंडोज ७चे संगणक होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिने उपलब्ध होती, पण ती बसवलेली नव्हती.

न्हावा-शेवाला काय घडले?

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’चा हल्ला झाला. मर्स्क समूहाच्या ताब्यातील न्हावा-शेवा बंदराच्या एका टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडली. कामे हाताने करावी लागली आणि कंटेनर खोळंबले. मर्स्कने आपले जगभरातील नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले.

या व्हायरसचा प्रवेश मात्र युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता. त्या कंपनीची अपडेट यंत्रणाच हल्लेखोरांनी ताब्यात घेतली होती. आत शिरल्यावर तो जुन्या त्रुटीतून आणि चोरलेल्या पासवर्डच्या बळावर पसरला. त्यामुळे एकाच जाळ्यातील अपडेट केलेले संगणकही सापडले. अपडेट गरजेचे आहे, पण तेवढ्याने काम भागत नाही. महत्त्वाच्या फाइलची वेगळी प्रत हवीच.

अपडेटनेच संगणक बिघडला तर?

असे घडलेले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १०च्या नव्या आवृत्तीने काही जणांच्या फाइल पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ती थांबवावी लागली. पण ते फीचर अपडेट होते. मार्च २०२१ मध्ये मात्र सुरक्षा अपडेटनंतर काही प्रिंटरवर छपाईची आज्ञा देताच संगणक निळा पडदा दाखवून बंद होऊ लागले. त्यावरची दुरुस्ती आठवडाभरात आली, आणि तोवर ते अपडेट काढून टाकण्याची सोय होती.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्याचा ठपका अनेकांनी विंडोज अपडेटवर ठेवला. प्रत्यक्षात ती क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या ग्राहक संस्थांना पाठवलेली सदोष फाइल होती. घरगुती संगणकांवर हे सॉफ्टवेअर सहसा नसते.

दोन्ही धोके खरे आहेत, पण सारखे नाहीत. बिघडलेले अपडेट बहुतेक वेळा काढता येते. खंडणीखोराने कुलूप लावलेले फोटो किंवा चोरीला गेलेली पाहुण्यांच्या पासपोर्टची माहिती परत आणता येत नाही.

डेटा आणि विजेचे काय?

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड-दोन जीबी डेटा मिळत असेल, तर मोठे अपडेट तो एका झटक्यात संपवू शकते. यासाठी विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ ठरवण्याची सोय आहे. मग बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. मात्र ही खूण करून विसरणे म्हणजे अपडेट बंद करण्यासारखेच. महिन्यातून एक दिवस ठरवून ते हाताने घ्यावे लागते. मासिक अपडेट एकत्रित असल्याने दोन-तीन महिने चुकले तरी सहसा शेवटचे एक पुरते. वीज गेल्यास त्रास होऊ नये म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवून रीस्टार्ट करावा.

विंडोज १० असेल तर?

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक चालू राहतो, पण नव्या त्रुटींची दुरुस्ती आपोआप मिळत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना जाहीर झाली. तिच्यासाठी सेटिंग्जमधील अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक जुने संगणक त्यात बसत नाहीत. अशा संगणकावर लिनक्स टाकणे किंवा बँकेचे आणि ओळखपत्रांचे काम त्यावरून हलवणे हे पर्याय उरतात. क्रॅक केलेल्या विंडोजमध्ये तर अपडेटची सेवाच अनेकदा बंद करून ठेवलेली असते.

मग निर्णय कसा घ्यावा?

फीचर अपडेटसाठी काही आठवडे थांबायला हरकत नाही. सुरक्षा अपडेट मात्र काही दिवसांत घ्यावे. हंगामाच्या गर्दीत दोन-चार दिवस थांबायचे असेल, तर अपडेट कायमचे बंद न करता ठरावीक मुदतीसाठी ‘पॉज’ करावे. मुदत संपली की विंडोज स्वतःच ते मागते. ब्राउझरही अद्ययावत ठेवावा, कारण घरगुती संगणकात शिरकाव बहुधा वेबसाइट आणि ईमेलच्या फाइलमधून होतो.

खरे अपडेट सेटिंग्जमध्येच दिसते. संकेतस्थळावर उघडलेली ‘तुमचा संगणक धोक्यात’ ही खिडकी किंवा ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असा फोन म्हणजे फसवणूक. रीस्टार्टचे बटण दाबण्याआधी महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर उतरवून ती काढून ठेवावी. अपडेट बिघडले किंवा हल्ला झाला, तरी हीच प्रत कामी येते.