रडू नका म्हणणारे तुम्ही कोण?

वस्तीत कुणी गेलं की तिसऱ्या दिवसापासून त्या घरात दोन प्रकारची माणसं येऊ लागतात. पहिली म्हणतात, दहावं-तेरावं करा, कावळा शिवला पाहिजे, नाहीतर जाणाऱ्याचा जीव अडकतो. दुसरी आपल्यातलीच असतात. पांढरे कपडे, खिशाला पेन. ती म्हणतात, आपण बौद्ध, आपल्यात रडत नाहीत. सर्व अनित्य आहे. रडू नका, लढा. पहिल्यांशी आमचं भांडण जुनं आहे. आज आम्हाला दुसऱ्यांशी भांडायचं आहे.

पहिल्यांचं आधी उरकून घेऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान नाकारते. ती उगीच आलेली नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सुतकाचे दिवससुद्धा वर्ण बघून वाटून दिले आहेत. ब्राह्मणाला १०, क्षत्रियाला १२, वैश्याला १५ आणि शूद्राला अख्खा महिना. म्हणजे बाप मेल्यावर मुलगा किती दिवस विटाळलेला राहणार, हेही जन्मावरून ठरणार! दहाव्या अध्यायात चांडाळानं मेलेल्यांचे कपडे नेसावेत, बेवारस प्रेतं वाहावीत, अशी सोय करून ठेवली आहे. गावगाड्यात तीच सोय महाराच्या वाट्याला आली. गावात कुणी मेलं की रात्री-अपरात्री, पावसापाण्यात, पाहुण्यांच्या गावांपर्यंत चालत जाऊन मयताचा सांगावा पोचवायचा महारानं. सरणाची लाकडं वाहायची महारानं. मोबदला काय, तर मयतावरचं कापड. आणि त्याच्याच घरात मूल गेलं तर? सांगावा न्यायला दुसरा कुणी नाही, मसणवटा वेगळा, आणि दुसऱ्या दिवशी येसकरपाळी ठरलेली. साऱ्या गावाचं दुःख पायी वाहणाऱ्याला स्वतःचं दुःख टेकवायला जागा नव्हती. अजूनही काही गावांत आपल्या प्रेताला स्मशानाची वाट मिळावी म्हणून तहसीलदार आणि पोलीस बोलवावे लागतात. तेव्हा कावळ्याची वाट बघणाऱ्यांनी आम्हाला विधी शिकवायला येऊ नये.

पण मग, आपल्या कार्यकर्त्यांना आम्ही विचारतो, ज्यांना पिढ्यानपिढ्या रडायला फुरसत मिळाली नाही, त्यांना तुम्हीही रडू नका म्हणता? कोणत्या अधिकारानं?

धम्माच्या, असं उत्तर येतं. लगेच आनंदाची गोष्ट सांगितली जाते. महापरिनिर्वाणाच्या वेळी आनंद रडू लागला आणि तथागतांनी त्याला शोक करू नकोस म्हणून सांगितलं. सांगितलं, हे खरं. पण कथा पुरती वाचा. आनंद बाजूला जाऊन दाराला टेकून रडत होता. आनंद कुठे आहे, असं तथागतांनी स्वतः विचारलं, माणूस पाठवून त्याला बोलावून घेतलं. जे आपलं आहे त्याचा एक दिवस वियोग होणारच, हे समजावलं, आणि मग साऱ्या भिक्खूंसमोर त्याच्या सेवेचं तोंड भरून कौतुक केलं. २५ वर्षं ज्यानं सोबत केली त्याच्या अश्रूंची लाज कुणाला वाटली नाही. तुम्ही मात्र पोराच्या फोटोसमोर बसलेल्या बाईला, ती तुमचं नावही ओळखत नसताना, अनित्यतेवर पाऊण तास ऐकवता.

किसा गोतमीचंही तेच. मोहरीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथली मूठभर मोहरी आण. पण तिला 'मूल मेलं आहे, गप घरी जा' असं तथागतांनी सांगितलं नाही, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यांनी तिला दारोदार जाऊ दिलं. प्रत्येक उंबऱ्यावर तिनं आपलं सांगितलं, त्यांचं ऐकलं. तिचं सत्य तिला तिच्या पायांनी सापडलं. प्रवचनाला तिथे जागाच नव्हती.

आणि बाबासाहेब? पाच मुलांपैकी चार मुलं त्यांनी आणि रमाईंनी गमावली. शेवटचा राजरत्न, १९२६ च्या जुलैमधला. त्यानंतर महिनाभरानं दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात ते कबूल करतात की आम्ही दोघं या धक्क्यातून सावरलेलो नाही आणि सावरल्याचं सोंग करण्यात अर्थ नाही. यातून कधी सावरू असंही त्यांना वाटत नव्हतं. हा माणूस तेव्हा बॅरिस्टर होता, बहिष्कृत हितकारिणी सभेचा आधार होता. त्यानं सोंग केलं नाही. आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, तो महाडच्या चवदार तळ्यावर उभा होता. दुःख आटोपलं म्हणून तो महाडला गेला नव्हता. तेव्हा आधी डोळे पुसा आणि मग चळवळीत या, हा नियम तुम्ही कुठून काढलात?

या नियमाचे परिणाम आपण पाहिले आहेत. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली. त्यानंतर दहा वर्षं हा माणूस कोर्टाच्या तारखांना आणि सभांना जात राहिला, तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. २० जानेवारी २०१७ ला नागपुरात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावानं घोषणा पुष्कळ झाल्या. एखाद्या संध्याकाळी काही न विचारता त्यांच्याजवळ नुसतं बसून राहणारी माणसं किती होती? रोहित वेमुला गेला तेव्हा व्यवस्थेनं त्याच्या आईकडे जातीचा पुरावा मागितला. राधिकाताईंना मुलासाठी रडण्याआधी आपण कोण आहोत हे सिद्ध करत फिरावं लागलं. त्यांनी १४ एप्रिल २०१६ ला मुंबईत धम्मदीक्षा घेतली, हा त्यांचा निर्णय. पण तो निर्णय छातीवर बिल्ल्यासारखा मिरवणाऱ्या किती जणांनी नंतर त्यांना फोन केला?

संघर्ष करू नका, असं आम्ही म्हणत नाही. गुन्हा नोंदवायचा असेल तर त्याच दिवशी नोंदवा, पोस्टमॉर्टेमची मागणी त्याच दिवशी करा, पोलीस ठाण्यासमोर बसा. ते तुमचं काम आहे, ते तुम्ही करा. त्यासाठी आईला माईकसमोर आणू नका.

जलदानाचं तर विचारूच नका. आपण स्वर्गीय हा शब्द टाकला आणि कालकथित घेतला, चांगलं केलं. पण बॅनरवर कालकथिताचा फोटो तळहाताएवढा आणि नगरसेवकाचा परातीएवढा, हे कोणत्या प्रतिज्ञेत बसतं? बौद्धाचार्य वंदना घेतात, पुण्यानुमोदन होतं, तोवर सगळं ठीक. मग भाषणं सुरू. दोन तास. मागे मंडपवाला आणि आचारी हिशेबाला थांबलेले. ज्या घरानं दवाखान्यासाठी आधीच कर्ज काढलं, ते जेवणावळीसाठी दुसरं काढतं, कारण भावकी काय म्हणेल! तेराव्याचा खर्च नको म्हणून धर्म सोडला आणि तोच खर्च सातव्या दिवशी केला. आणि आत, बायकांच्या खोलीत, पंचशील म्हणून झाल्यावर तिच्या बांगड्या फोडल्याच जातात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. बुद्धविहार असलेल्या आपल्या किती वस्त्यांनी केला?

दुःखाला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. साहेबाची आई गेली तर त्याला रजा असते. त्याच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या ताईचा नवरा गेला तर चौथ्या दिवशी फोन येतो, कधी येतेस, नाहीतर दुसरी बघते. बिगारीवर जाणाऱ्याचा खाडा म्हणजे खाडाच. म्हणून आमची वस्तीतल्या मंडळांना एवढीच मागणी आहे. जलदानाला मंडप नको, बॅनर नको, वक्ते नकोत. वंदना घ्या आणि चहा द्या. वाचलेल्या वर्गणीतून त्या घरातल्या कमावत्या माणसाची महिन्याची मजुरी भरा. महिला मंडळानं पाळी लावून तिच्याकडे स्वयंपाक करावा, पोरांना शाळेत सोडावं, निराधार योजनेच्या अर्जाची कागदं घेऊन तहसीलला एकानं जावं. ती बोलली तर ऐकायचं. रडली तर रडू द्यायचं, महिन्यानं रडली तरी, वर्षानं रडली तरी. आणि ज्याला बसवत नसेल, बोलल्याशिवाय राहवत नसेल, त्यानं मोरीत जाऊन भांडी घासावीत.