पत्र्याची शेड फक्त पावसाळ्यापुरती?

पेण असो की रोहा, उंचावर उभं राहून गावाकडे बघा. काय दिसतं? पत्रे. निळे, लाल, गंजलेले. सालाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या मुलखात सपाट स्लॅब टिकत नाही, गळतो. म्हणून पाच-सात वर्षांत माणूस गच्चीवर शेड मारतो. ही काय हौस आहे?

आता नियम बघा. 2020 ची राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. गिलावा, रंग, फरशी, कौलं बदलणं याला परवानगी लागत नाही. चांगलंय. पण गच्चीवरचं आच्छादन तात्पुरत्या बांधकामात टाकलंय, तेही फक्त पावसाळ्यापुरतं आणि परवानगी घेऊन! म्हणजे दसऱ्याला पत्रे, अँगल सगळं उतरवायचं आणि मे महिन्यात पुन्हा चढवायचं. वेल्डरची मजुरी कोण देणार, मंत्रालय?

हा नियम पाळणारं एक घर मला दाखवा. आणि सगळेच नियम मोडतात तिथे नोटीस कोणाला येते? ज्याचं शेजाऱ्याशी वाकडं, किंवा ज्याचा नगरसेवक पडला त्याला. एरवी साहेबांना गच्ची दिसतच नाही.

शेडला भिंती घालून भाड्याच्या खोल्या काढणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. तो सरळ वाढीव मजला आहे, पाडा खुशाल. गंमत म्हणजे अशांसाठी सरकार उदार असतं. 31 डिसेंबर 2015 पर्यंतची अनधिकृत बांधकामं अटी घालून, पैसे भरून नियमित करायची सोय कायद्यातच केली. आणि आधी अर्ज घेऊन जाणारा काउंटरवर ऐकतो, "उतारा जुना आहे, नवीन आणा."

मागणी साधी आहे. कोकणापुरती तरी, चारी बाजूंनी उघडी, ठराविक उंचीची शेड नुसत्या लेखी सूचनेवर कायम ठेवू द्या. नगरपरिषदांनी तसा ठराव करून नगरविकास खात्याकडे पाठवावा. मतं मागायला येतील त्यांना हेच विचारा.

आणि तोवर, घरात काही फेरफार करायचा असेल तर अर्ज लेखीच द्या, तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. एमआरटीपी कायद्याच्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही आणि नकाशा नियमात बसत असला, तर परवानगी मिळाली असंच धरलं जातं. हे काउंटरवर कोणी सांगणार नाही, म्हणून इथे लिहिलं.